ठेवी आहेत, पण संघाच्या किती?

आपल्या दुकानात पै-पैचा हिशेब ठेवणारा व्यापारी संघाच्या ताळेबंदाकडे ढुंकूनही पाहत नाही, हे मी खजिनदार म्हणून वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. आमच्या तालुक्याच्या व्यापारी संघाची वार्षिक सभा म्हणजे 'मंजूर, मंजूर'चा गजर. यंदा मात्र वर्गणीवाढीचा विषय निघाला आणि सभा जागी झाली. "एवढ्या मुदत ठेवी असताना वर्गणी कशाला वाढवता?" एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले.

प्रश्न रास्तच. पण त्या ठेवी कशाच्या? बराच पैसा इमारत निधीचा. देणगीदारांनी तो इमारतीसाठी दिलेला. त्यातून कारकुनाचा पगार भागवता येत नाही. काही रक्कम गाळेधारकांची अनामत, म्हणजे आज ना उद्या परत करायचीच. हे सारे वजा जाता उरते ते संघाचे. त्याला महिन्याच्या खर्चाने भागावे. पगार, वीज, घरपट्टी, हिशेबतपासनिसांचे शुल्क, सगळे धरून. आमचा भागाकार आला चार महिने. उत्पन्न थांबले तर संघ एवढेच दिवस तग धरणार!

वर्गणीतून तर पगारही निघत नाही. सारा संसार सभागृहाच्या भाड्यावर. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, लग्ने थांबली, सभागृहाला कुलूप लागले. वीजबिलातला स्थिर आकार मात्र नेमाने येत राहिला. तेव्हा व्याजाने हात दिला. पण व्याजालाही प्राप्तिकराची कात्री आहे. सभासदांनी आपसांत जमवून आपल्यासाठीच खर्चलेल्या पैशाला ढोबळमानाने उत्पन्न मानत नाहीत. बँकेतल्या ठेवींवरचे व्याज मात्र त्यात बसत नाही, बँक स्वतः सभासद असली तरीही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बंगलोर क्लबच्या खटल्यात स्पष्ट केले.

'ना नफा' संस्थेने शिल्लक ठेवूच नये, असाही एक गोड गैरसमज आहे. शिल्लक जरूर ठेवावी. ती सभासदांनी वाटून घ्यायची नाही, एवढेच.

हे सांगत असताना आमचे कारकून शेवटच्या रांगेत इतिवृत्त लिहीत होते. स्वतःच्याच पगाराची चर्चा ते वळणदार अक्षरात उतरवून घेत होते. अखेर मागितलेल्या वाढीच्या निम्मी वाढ मंजूर झाली. थकबाकीदारांची यादी फलकावर लावण्याचा ठराव मात्र पुढच्या सभेवर गेला. विरोध करणाऱ्यांतली बरीच नावे त्या यादीत आहेत.