पिशवी, दिवा आणि सरकार

सरकारी मराठीत ‘शाश्वत उपभोग’ असा एक शब्दप्रयोग अलीकडे रूढ झाला आहे. मराठी शिकविणे हा व्यवसायच असल्यामुळे असले शब्द दिसले की मी जरा थबकते. उपभोग शाश्वत असावा ही इच्छा पूर्वी ययातीला झाली होती आणि त्याची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे! सरकारला अभिप्रेत आहे ते मात्र नेमके उलट. वस्तू बेताने वापराव्यात, केर कमी निघावा, नातवंडांसाठी पाणी, माती आणि हवा शिल्लक राहावी. आपल्या आज्या यालाच ‘पुरवून वापरणे’ म्हणत. आणि त्यासाठी त्यांना कोणा मंत्रालयाचे परिपत्रक लागत नसे. अर्थात हाताशी पैसा थोडा होता म्हणून त्या पुरवून वापरत, हेही विसरून चालणार नाही. आता पैसा आहे, दुकाने आहेत, आणि दिवाळीत तर दुकाने आपल्या खिशातल्या यंत्रातूनच घरात शिरतात. अशा वेळी माणसाला हात आखडायला सांगायचे कसे, हा सरकारपुढचा खरोखर अवघड प्रश्न आहे.

पहिला उपाय सुचतो तो बंदीचा. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकच्या पिशव्या, थर्मोकोलच्या थाळ्या वगैरेंवर बंदी घातली आणि तीन महिन्यांनी, २३ जूनपासून, ती अंमलात आणली. दंड पाहून छाती दडपावी! पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, आणि तिसऱ्याला २५,००० रुपये व तीन महिन्यांची कैद. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबई बुडाली तेव्हा गटारांत अडकलेल्या पिशव्या सर्वांनी पाहिल्या होत्या.

पहिले काही आठवडे गंमतीचे गेले. घराघरांतल्या कापडी पिशव्या ट्रंकांतून बाहेर आल्या. कचेरीत जाणारे गृहस्थ पिशवीची घडी खिशात ठेवू लागले. पण भाजीवालीची अडचण कोणी विचारात घेतली? संध्याकाळी लोकलमधून उतरलेले गिऱ्हाईक हात हलवीत येते. तिने पिशवी नाही म्हटले की ते दोन पावले पुढे जाते, कारण पलीकडची बाई पाल्याखाली लपवलेली पातळ पिशवी काढून देते. म्हणजे जी कायदा आधी पाळील तिचाच धंदा आधी बुडायचा! अशा ठिकाणी नुसती भीती पुरत नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी सोडली तरच ती सुटते, आणि त्यासाठी पिशवी जिथे तयार होते ते दार बंद व्हावे लागते. तपासनीस मात्र गेला टोपलीपाशी, कारण टोपली रस्त्यावर असते. बिस्किटाचा पुडा आणि वेफर्सचे पाकीट कारखान्यातूनच बंद होऊन येते म्हणून ते सुटले. किराणा दुकानदारांना तर आठवड्याभरातच वेष्टनापुरती सवलत मिळाली. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदाच वापरून फेकायच्या कित्येक वस्तू देशभर बंद केल्या आणि त्या वर्षअखेर पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन ठरवली. आजही कोणत्याही मंडईत एक फेरी मारा, आणि काय ते आपल्याच डोळ्यांनी पाहा.

कापडी पिशवीचीही एक गोष्ट सांगून टाकते. कापसाला पाणी लागते, खत लागते, गिरणीला वीज लागते. ती पिशवी वर्षानुवर्षे वापरली तरच हिशोब जमतो. आपल्याकडे वास्तुशांतीला, मुंजीला, निवडणुकीला पिशव्या वाटण्याची टूम निघाली. प्रत्येक घरात वीस-पंचवीस पडल्या आहेत, आणि बाजारात जाताना त्यांतली एकही आठवत नाही!

२०१८ च्या त्या आदेशात एक कलम मात्र मला फार शहाणपणाचे वाटले. दुधाची रिकामी पिशवी परत केली की ५० पैसे परत. कल्पना नवी नव्हे. मुंबईत ‘आरे’च्या केंद्रावर रिकामी बाटली देऊन भरलेली घ्यायची, हे एका पिढीच्या अंगवळणी पडलेले होते. पण बाटली धुऊन पुन्हा भरता येते. चिकट, वास मारणारी पिशवी गोळा करायची कोणी, साठवायची कुठे, न्यायची कोणी? दूधवाल्यांनी हात वर केले. २०१९ साली पर्यावरणमंत्र्यांनी महिन्याभरात योजना सुरू होईल असे सांगितले, आणि पिशव्या कचऱ्यात जातच राहिल्या. शिवाय आठ आण्यांचे नाणे हल्ली दुकानदार तरी कुठे घेतो?

याच्या शेजारी दिव्याची गोष्ट ठेवून पाहा. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्राने एलईडी दिवे स्वस्तात देण्याची योजना सुरू केली, तिला पुढे ‘उजाला’ हे नाव मिळाले. येथे कोणाला दंड नव्हता की उपदेश नव्हता. सरकारी कंपनीने दिवे एकदम कोटींच्या संख्येने विकत घेतले. त्यामुळे २०१४ च्या सुमारास ३०० रुपयांवर असलेला खरेदीचा भाव दोन-अडीच वर्षांत ४० च्या खाली आला. वीजकचेरीत दिवा मिळे आणि पैसे बिलातून हप्त्याने फेडण्याचीही सोय होती. जुन्या ६० वॅटच्या दिव्याइतका उजेड ९-१० वॅटमध्ये! असे ३६ कोटींहून अधिक दिवे देशात गेले. गृहिणीने पृथ्वी वाचविण्यासाठी ते घेतले असे मला वाटत नाही. बिल उतरले म्हणून घेतले, आणि त्यात गैर काहीच नाही.

वातानुकूलनाच्या यंत्रांचेही तसेच. २०२० च्या आरंभापासून ही यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावलेली यावीत असा नियम झाला. ज्याला १८ हवे त्याने खुशाल करावे. पण बहुतेक माणसे आळशी असतात, आणि येथे आळसाने देशाची वीज वाचते. इतकी चतुर युक्ती योजणाऱ्या सरकारनेच २२ सप्टेंबर २०२५ पासून याच यंत्रांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणला, छोट्या मोटारींवरचाही तितकाच उतरवला, आणि त्या खरेदीच्या हंगामाला नाव दिले ‘बचत उत्सव’! कारखाने चालले पाहिजेत, हातांना काम मिळाले पाहिजे, हे मलाही समजते. परंतु एक खाते ‘घ्या’ म्हणते आणि दुसरे ‘जपून’ म्हणते, तेव्हा सामान्य माणूस त्यांतले गोड तेवढे ऐकतो.

२० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेत एकतानगर येथे ‘लाइफ’ नावाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. पर्यावरणाला साजेशी राहणी असा त्याचा अर्थ. तुम्ही-आम्ही करावयाच्या ७५ गोष्टींची यादी त्यात आहे. सिग्नलला इंजिन बंद करा, नळ गळू देऊ नका, सार्वजनिक वाहनाने प्रवास करा. सगळ्या चांगल्या आहेत. पण शेवटची गोष्ट नागरिकाच्या एकट्याच्या हातची नाही.

मुंबईच्या ‘बेस्ट’ने जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ८ रुपयांवरून ५ वर आणले, आणि थोड्याच दिवसांत उतारू लाखांनी वाढले. कोणी व्याख्यान दिले नव्हते. उपक्रम मात्र आधीच तोट्यात होता. उरलेले पैसे महापालिकेने द्यायचे की आणखी कोणी, हा वाद मिटला नाही, आणि स्वतःच्या गाड्याही कमी होत गेल्या. ९ मे २०२५ पासून किमान भाडे १० रुपये झाले. नवराबायकोंचे जाऊन-येऊन २० रुपयांचे ४० झाले. आणि थांब्यावर अर्धा तास उभे राहून हा हिशोब करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर असते ते स्कूटरच्या सुलभ हप्त्यांची जाहिरात, बहुधा त्याच थांब्यावर लावलेली.