एकदांडीचे तीन दात

रानफुलाची ओळख उभ्यानं पटत नाही. उकिडवं बसावं लागतं. मूर्तिजापूरच्या अलीकडे, अमरावती-अकोला रस्त्याच्या मुरमाड कडेला मी तसा बसलो होतो. जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण करून विक्रम झाला, तो हाच रस्ता. त्याच्या कडा या तणानं किती वेळात बळकावल्या, ते मात्र कुणी मोजलं नसावं.

आधी फसलोच. फूल नव्हतं, समोरासमोरची खरबरीत पानं पाहून माका समजलो. खोड चुरडलं. माक्याचा रस बघता बघता काळा पडतो. इथं बोटं हिरवीच राहिली. शिवाय माक्याला ओल लागते, तो या कोरड्या मुरमात कशाला येईल? हे आधीच सुचायला हवं होतं.

चार पावलांवर फुलं सापडली. वीतभर लवदार दांडा, टोकाला एकच फूल, म्हणून नाव एकदांडी. खरं तर तो फुलोरा: मधे पिवळ्या नळीफुलांचा गठ्ठा, भोवती फिकट पिवळसर जिभा, बहुधा पाच. भिंगातून जिभेचं टोक पाहिलं आणि शंका मिटली. तीन दाते! लिनियसनं 1753 साली नाव दिलेलं ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स ते हेच; मूळ मुलूख मेक्सिको, मध्य अमेरिका. गाजरगवताशी गल्लत नको. त्याची पानं गाजरासारखी चिरलेली, झाड ताठ, पांढरी बारकी फुलं झुबक्यानं.

उपटायला गेलो तर फांदी हातात आली, मूळ जमिनीतच. लोळणाऱ्या फांद्यांना पेरापेराशी मुळ्या फुटलेल्या. काळ्या बियांवर पिसांचे तुरे; फुंकर मारताच चार बिया धुऱ्यावरून पऱ्हाटीत गेल्या. चूक माझीच.

तिथं निंदणाऱ्या एक काकू वाकून पाहायला आल्या.

"काय पायता जी? कंबरमोडी व्हय थे. इळा लागला त चुरून लावतो आमी."

"काकू, ही परदेशातून आलेली आहे."

"मंग आमच्या आजीले कशी ठाऊक?"

पिढ्यान्‌पिढ्या जखमेवर लावलेल्या पाल्याला उपरं म्हणणं त्यांना पटणार नव्हतंच. पिकात मात्र त्याही तिला ठेवत नाहीत. एक विनंती तेवढी केली, ती तुम्हालाही: उपटलेली कंबरमोडी ओल्या धुऱ्यावर फेकू नका. पेरांना मुळ्या असतात, ती तिथंच रुजते.