नकाशावर आपलं मैदान शोधा

विकास आराखडा म्हणजे मैदान, बाग, शाळा, रस्ता कुठे येणार हे ठरवणारा शहराचा नकाशा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार त्याचं प्रारूप प्रसिद्ध करून नागरिकांकडून हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. त्यासाठी सोसायटीचा लेटरहेड किंवा वकील लागत नाही. साध्या कागदावर सर्व्हे नंबर किंवा सिटीएस नंबर, नकाशातली चूक आणि हवा असलेला बदल लिहायचा, मुदतीत अर्ज देऊन पोच घ्यायची. पुढे नियोजन समिती सुनावणी घेते. ‘आमची बाग वाचवा’ एवढंच लिहिलेला अर्ज मात्र फारसा टिकत नाही. जागेचा फोटो आणि नकाशाचा तुकडा जोडलेला टिकतो.

याचा उपयोग होतो का? मुंबईत 2015 चं प्रारूप इतकं चुकांनी भरलेलं होतं, वारसा वास्तूंच्या नोंदीसुद्धा धड नव्हत्या, की लोकांच्या ओरडीनंतर सरकारला ते मागे घ्यायला लावून महापालिकेकडून नव्याने करून घ्यावं लागलं.

आराखडा मंजूर झाला तरी डोळा ठेवावा. बागेचं आरक्षण बदलायचं तर याच अधिनियमाच्या कलम 37 खाली पुन्हा जाहीर सूचना निघते, बहुधा वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, बारीक टाइपात. तेव्हा हरकतीला मिळतो जेमतेम महिना.