घरून काम करताना आरोग्य व नियोजन : सावनेर परिसरातील प्राध्यापकांच्या संदर्भात

प्रस्तावना :
२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि महाविद्यालयाचा वर्ग प्राध्यापकांच्या घरात आला. पुढे वर्ग पूर्ववत भरू लागले. परंतु प्रश्नपत्रिका काढणे, नॅकची माहिती भरणे, संशोधनलेखन, ऑनलाइन बैठका ही कामे बऱ्याच अंशी घरीच राहिली. सावनेरला राहणारे असोत वा नागपूरहून ये-जा करणारे, अनेक प्राध्यापकांच्या घरी रात्री दुसरे कार्यालय सुरू होते. या कामाला मर्यादा कशी घालावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वानुभव :
घरून काम करणे महाराष्ट्राला नवीन नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यातून ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उभी राहिली. सभासद भगिनी सकाळी केंद्रावरून तोललेले पीठ नेतात, घरी पापड लाटतात आणि दुसऱ्या दिवशी ते केंद्रावर देतात. पीठ संपले की त्या दिवसाचे काम संपते. विदर्भातील घरोघरच्या विडी कामाचे चित्र वेगळे आहे. मजुरी हजार विड्यांमागे मिळत असल्याने हात थांबत नाही. पाठ व मान दुखते आणि तंबाखूची धूळ राहत्या घरात पसरते. पहिल्या उदाहरणातून कामाच्या मापाचे, तर दुसऱ्यातून कामाच्या जागेचे महत्त्व स्पष्ट होते.

नियोजनाची सूत्रे :
१. माप : ‘आज उत्तरपत्रिका तपासायच्या’ असे न म्हणता ‘आज वीस तपासायच्या’ असे ठरवावे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ मधील संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्यात ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो.

२. जागा : दिवाणावर लोडाला टेकून लॅपटॉप वापरल्यास मान सतत वाकलेली राहते. स्वतंत्र खोली नसली तरी एक टेबल व पाठीला आधार देणारी खुर्ची पुरेशी आहे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस असावी, पाय जमिनीवर टेकावेत. काम संपताच कागद आवरून ठेवावेत.

३. वेळ : आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. कूलरच्या आवाजात व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण होत नाही आणि कूलर बंद ठेवल्यास बसवत नाही. म्हणून बौद्धिक काम पहाटे करावे, दुपारी किरकोळ कामे घ्यावीत व पाणी जवळ ठेवावे.

४. शरीर : दर २० मिनिटांनी २० फूट अंतरावरील वस्तूकडे २० सेकंद पाहिल्यास डोळ्यांना विश्रांती मिळते. प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आवश्यक मानला जातो. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त सूत्रस्थानाचा दुसरा अध्यायच ‘दिनचर्या’ हा आहे, हे येथे लक्षणीय आहे.

कुटुंब व संस्था :
प्राध्यापिकांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे. त्या घरी असल्या म्हणजे मोकळ्या आहेत, असे गृहीत धरले जाते. त्यामुळे घरकामाची वाटणी हा नियोजनाचाच भाग ठरतो. त्याचप्रमाणे रात्री अकराला व्हॉट्सॲपवर ‘उद्या सकाळपर्यंत माहिती द्यावी’ असा निरोप येत असेल, तर वैयक्तिक शिस्त निष्फळ ठरते. निरोपाची वेळ व माहिती देण्याची मुदत महाविद्यालयाने लेखी ठरवून द्यावी.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, घरून काम करण्यातील खरा धोका घरात नसून अमर्यादतेत आहे. माप, जागा व वेळ प्राध्यापकाने आखावी आणि संस्थेने व कुटुंबाने ती पाळू द्यावी. एकट्याच्या निग्रहावर हे टिकणारे नाही.