हिपॅटायटिस बी : घरातील एकाला असेल, तर इतरांनी काय करावे?

रक्तदानानंतर काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणे येते आणि धडधाकट माणसाला कळते, की आपल्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू आहे. गर्भवतीच्या नेहमीच्या तपासणीतही हे निदान अनेकदा असेच अवचित होते. ना कावीळ, ना ताप. मग घरात एक तर संशय शिरतो, नाहीतर भांडी वेगळी करण्याची घाई होते. दोन्ही गोष्टी अनाठायी आहेत.

हा विषाणू रक्त, वीर्य व योनिस्राव यांतून पसरतो. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित सुई आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला होणारी लागण, हे त्याचे मुख्य मार्ग. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा खोकल्याने तो पसरत नाही.

तान्हेपणी लागण झालेल्या दर १० बाळांपैकी सुमारे ९ जणांच्या शरीरात तो दीर्घकाळ ठाण मांडतो. निरोगी प्रौढांत हे प्रमाण १०० मध्ये ५ हूनही कमी असते. म्हणजे चाळिशीत आढळलेला विषाणू पाळण्यापासूनचाही असू शकतो. अहवालावरून जोडीदाराच्या चारित्र्याचा निवाडा करू नये, तो याचसाठी.

परंतु लक्षणे नाहीत म्हणून स्वस्थही बसू नये. हा विषाणू काही रुग्णांत पुढे सिरोसिस व यकृताचा कर्करोग घडवतो. झाडपाल्याच्या औषधांत वेळ न दवडता रुग्णाने नियमित तपासण्या कराव्यात. गोळ्या सुरू झाल्या, तर त्या मनाने बंद करू नयेत.

घरातील इतरांसाठी उपाय सोपा आहे. जोडीदार, मुले, आईवडील व भावंडे या सर्वांची रक्ततपासणी करावी. ज्यांना लागण नाही आणि संरक्षणही नाही, त्यांनी लस घ्यावी : पहिली मात्रा, १ महिन्याने दुसरी, ६ महिन्यांनी तिसरी. तिसऱ्या मात्रेनंतर १ ते २ महिन्यांनी जोडीदाराच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासावीत. संरक्षणाची खात्री होईपर्यंत निरोध वापरावा.

आई बाधित असेल, तर बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस व इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन मिळाले पाहिजे. पुढील मात्रा ६, १० व १४ आठवड्यांच्या लसीकरणात येतात. अशा बाळाला आईने निःशंकपणे अंगावर पाजावे.

वस्तरा, दात घासण्याचा ब्रश, नखे कापण्याचे साधन आणि साखर तपासण्याची सुई प्रत्येकाची स्वतंत्र असावी. सुकलेल्या रक्तातही हा विषाणू किमान ७ दिवस संसर्गक्षम राहू शकतो. केशकर्तनालयात नवे पाते, गोंदवताना व कान टोचताना नवी सुई, हा आग्रह धरावा.

मात्र ही लस एचआयव्ही, सिफिलिस किंवा हिपॅटायटिस सीपासून वाचवत नाही. तेथे निरोध, निर्जंतुक सुई आणि वेळेवर तपासणी हेच उपाय. हिपॅटायटिस सी गोळ्यांनी बहुतेकदा पूर्ण बरा होतो. एचआयव्हीचा संभाव्य संपर्क घडल्यास ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, डॉक्टरांना गाठावे. २८ दिवसांच्या औषधांनी लागण टाळता येते.

शासनाच्या विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमांतर्गत २०१८ पासून हिपॅटायटिस बी व सीची तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. जाताना जोडीदारालाही सोबत न्यावे.