काळी, मुरमाड आणि चोपण : स्थानिक मृदा-गुणधर्म व भूमी उपयोग

प्रस्तावना

जुन्या ग्रामव्यवस्थेत गावच्या जमिनीचे 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन भाग मानले जात. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची, म्हणजे गावठाणाची, ती पांढरी. भूमी उपयोगाचे इतके सुटसुटीत वर्गीकरण क्वचितच आढळेल. आज मात्र गृहसंकुले, महाविद्यालयांचे परिसर आणि उद्याने काळीवरच उभी राहत असल्याने या मातीचा विचार केवळ कृषिशास्त्रापुरता मर्यादित राहिलेला नाही. 'काळी माती म्हणजे सुपीक माती' हे शालेय पुस्तकांतून रुजलेले समीकरणही अपुरे आहे. जमिनीची प्रत ठरविताना तिच्यातील अन्नद्रव्यांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व ती पाणी कसे धरते आणि कसे सोडते यास द्यावे लागते.

एक खडक, अनेक मृदा

महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भूभाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. हा लाव्हा साधारणतः साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा होय. मूळ खडक एकच असूनही त्यापासून तयार झालेल्या मृदा परस्परांहून अगदी भिन्न आहेत. कोकणात व घाटमाथ्यावर 2500 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखी द्रव्ये धुपून जातात, लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरतात आणि आम्लधर्मी जांभी मृदा तयार होते. पर्जन्यछायेच्या पठारावर हीच द्रव्ये जमिनीतच राहिल्याने चुनखडीयुक्त, विम्लधर्मी काळी मृदा आढळते.

परंतु पावसापेक्षाही जवळचा घटक म्हणजे उतार. पठारावरील कोणत्याही टेकडीच्या माथ्यावर वीतभर मुरमाड जमीन असते, मध्यउतारावर मध्यम आणि ओढ्याकाठी मीटरभर वा त्याहून खोल भारी काळी. हा सारा फरक कित्येकदा अर्ध्या किलोमीटरच्या आत पडतो. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोने (स्थापना 1976) राज्याचे मृदा नकाशे 1:2,50,000 या प्रमाणावर तयार केले. त्या प्रमाणात एक किलोमीटर म्हणजे नकाशावर अवघे चार मिलिमीटर. प्रादेशिक नियोजनास ते मोलाचे आहेत. एखाद्या बागेचा निर्णय मात्र त्यांवरून घेता येत नाही.

पाण्याशी असलेले नाते

भारी काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण अनेकदा 50 टक्क्यांहून अधिक असते आणि त्या चिकणमातीत स्मेक्टाइट गटातील खनिजे प्रामुख्याने आढळतात. ही खनिजे पाणी शोषून फुगतात व वाळताना आकुंचन पावतात. उन्हाळ्यातील रुंद भेगा, कलणारी कुंपणे, तडकणाऱ्या भिंती यांचे कारण हेच. ओली असता ही जमीन पायाला चिकटते, वाळली की दगडासारखी होते. या दोन टोकांमधील मशागतीस योग्य अवस्थेला शेतकरी 'वाफसा' म्हणतो. मातीच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची ही स्थिती एका शब्दात सांगणारी ही संज्ञा पाठ्यपुस्तकी परिभाषेपेक्षा सरस म्हणावी लागेल.

वाफशाचा विसर पडल्यास काय घडते, हे कृष्णा खोऱ्यातील उसाच्या पट्ट्यात दिसते. निचरा मंद असलेल्या जमिनीस वर्षानुवर्षे पाटाचे पाणी अमर्याद दिले गेले. भूजल वर आले, त्यासोबत क्षारही वर आले. जेथे सोडियमचे प्रमाण वाढले तेथे मातीची कणरचना मोडून जमीन चोपण झाली. विनिमयक्षम सोडियम 15 टक्क्यांवर गेले की पाणी मुरेनासे होते. जिप्सम, हिरवळीची खते आणि भूमिगत निचरा-नळ्या हे उपाय आहेत. पण ते खर्चिक व दीर्घकालीन आहेत. एकेकाळी उत्तम मानली गेलेली जमीन तिच्याच जलधारण गुणामुळे नापीक झाली, ही यातील विदारक बाब होय.

बागेतील त्याच चुकीचे लघुरूप

परिसर सुशोभनात भारी काळ्या जमिनीत खोल खड्डा घेऊन तो बाहेरून आणलेली लाल माती व शेणखत यांनी भरण्याची प्रथा आहे. हेतू चांगला असला तरी परिणाम उलटा होतो. भोवतालची चिकणमाती पाणी जाऊ देत नाही आणि खड्डा एखाद्या हौदासारखा तुंबतो. मुळे हवेअभावी कुजतात, पाने मलूल होतात आणि पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घातले जाते! अशा जागी मूळ मातीतच कुजलेले खत मिसळून उंचवट्यावर लागवड करणे श्रेयस्कर.

चुनखडीचाही विचार येथेच करावा. एक्झोरासारख्या झुडपांची कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसू लागल्यास तो लोहाच्या कमतरतेचा 'केवडा' असतो. जमिनीत लोह नसते असे नाही. चुन्यामुळे ते मुळांना उपलब्ध होत नाही. अशा मातीत जांभ्यावरची झाडे जोपासण्याचा अट्टहास करण्यापेक्षा बाभूळ, करंज यांसारख्या सोशिक वृक्षांना प्राधान्य देणे शहाणपणाचे ठरते.

स्थानिक परीक्षण

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत यासाठी लागणारे बहुतेक साहित्य असतेच. मातीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकताच ती फसफसली तर चुनखडी आहे. सुमारे 45 सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरून जिरू द्यावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशीही उभे असेल तर निचरा अपुरा आहे. प्रयोगशाळेत पाठवावयाचा नमुना खत देण्यापूर्वी, नागमोडी चालीने अनेक ठिकाणांहून, 15 ते 20 सेंटिमीटर खोलीपर्यंत घेऊन एकत्र करावा आणि चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणावा. फळझाडांसाठी मात्र 90 सेंटिमीटरपर्यंत थरनिहाय नमुने आवश्यक आहेत. बांधकामाचा राडारोडा वा मुरूम भरलेल्या जागेचा नमुना नेहमी स्वतंत्र ठेवावा, कारण तेथील वरचा थर त्या परिसराचा नसतोच. एप्रिल-मे महिन्यांत भेगा कोठे रुंद आहेत, कोठे नाहीत, याची नोंद परिसराच्या आराखड्यावर केली असता भारी मातीचा विस्तार खोदकामापूर्वीच बऱ्याच अंशी लक्षात येतो.