नानांची मारुती आणि घाटातला न्यूट्रल

कामरेज चार रस्त्यावरून आमच्या सोसायटीत शिरलात की पार्किंगच्या अगदी टोकाला, कडुलिंबाखाली, एक पांढरी मारुती ८०० दिसेल. नंबर जीजे ०५ने सुरू होतो, मागच्या काचेवर गणपतीचं पुसट स्टिकर आहे. ती नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची गाडी. २००८ साली त्यांनी ती नवी कोरी घेतली तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. नाना आयटीआय फिटर. अमळनेरजवळच्या गावातून सुरतेला आले आणि पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलमध्ये तीस वर्षं मशिनी दुरुस्त करत राहिले. आयुष्यात घेतलेली ही पहिली आणि शेवटची गाडी.

मारुती ८००ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हातात पडली आणि शेवटची जानेवारी २०१४मध्ये कारखान्यातून बाहेर आली. पण आपल्या सुरतेत तिची विक्री त्याआधीच थांबली होती. एप्रिल २०१०मध्ये भारत स्टेज-४चे प्रदूषणाचे नियम आधी देशातल्या १३ शहरांत लागू झाले. त्यात मुंबई-पुण्याबरोबर सुरत होतं आणि आपलं सोलापूरही. या शहरांसाठी ८०० नव्या नियमांत बसवायची नाही, असं कंपनीने ठरवलं. नाना अजूनही सांगतात, "दोन वर्षं थांबलो असतो तर मिळालीच नसती."

या गाडीचं सगळं काम नाना घरी करायचे. ऑइल, फिल्टर, तीन प्लग, फॅन बेल्ट. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. बॉनेट उघडलं की खाली जमीन दिसते इतकी मोकळी जागा. आजच्या गाड्यांसारखं वर प्लास्टिकचं झाकण नाही. प्रत्येक कामाची नोंद एका लाल वहीत: तारीख, किलोमीटर, काय केलं, किती खर्च आला. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आमच्याकडे इतक्या शिस्तीने कुणी नोंदी ठेवत नाही. मी मात्र तेव्हा फक्त टॉर्च धरायचो, आणि तोही चुकीच्या ठिकाणी.

मग मे २०२२ आला.

आम्ही गावाहून परत येत होतो. नाना स्टिअरिंगवर, मी शेजारी, मागे आई, बायको आणि चार वर्षांची लेक. डिकीत नागलीचे पापड, बिबड्या, कुरडया, शिवाय आईने न सांगता टाकलेली ज्वारीची गोणी. गाडीचं स्वतःचं वजन सातशे किलोच्या आत. आम्ही सगळे आणि सामान धरून ती हजारावर गेली असणार. साक्री, दहिवेल मागे टाकून कोंडाईबारी घाट उतरायला लागलो आणि नानांनी नेहमीप्रमाणे गाडी न्यूट्रलला टाकली. उतारावर पेट्रोल वाचवायची ही त्यांची जुनी सवय. गाडी आपोआप पळायची आणि नाना ब्रेकवर हलका पाय ठेवून तिला आवरायचे.

पुढे एक ट्रक रांगत होता. नानांनी ब्रेक दाबला आणि पॅडल सरळ खाली गेलं. पुन्हा दाबला, पुन्हा खाली. मी ओरडलो, "नाना, गिअर!" त्यांनी दुसरा टाकला, इंजिन किंचाळलं. मी हँडब्रेक हळूहळू ओढला. डावीकडे रस्त्याच्या कडेला मातीचा पट्टा होता, त्यात घुसून गाडी थांबली. ट्रक निघून गेला. गाडीत कुणी काही बोललं नाही. लेक झोपेतून उठली आणि तिने विचारलं, घर आलं का?

अर्ध्या तासाने नानांनी पॅडल दाबून पाहिलं. कडक, अगदी नेहमीसारखं. "आते तर बरी शे ना," असं म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता. नवापूरला एका गॅरेजवाल्याने फिरवून पाहिली आणि काही प्रॉब्लेम नाही म्हणाला. पुढे घरापर्यंत मी चालवली.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पक्की शिकवली जाते: आपोआप गेलेला बग गेलेला नसतो. म्हणून पुढच्या रविवारी मी लाल वही काढली. चौदा वर्षांत 'ब्रेक ऑइल टाकले' अशा अकरा नोंदी होत्या. 'ब्रेक ऑइल बदलले' अशी एकही नव्हती.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी बाबांची जुनी गाडी असेल आणि वहीसुद्धा नसेल. ब्रेक ऑइल नावालाच ऑइल आहे. ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट-३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण त्यात चारेक टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. सपाट रस्त्यावर, कामरेज ते कडोदरा करताना, हे कधीच कळत नाही. घाटात ब्रेक सतत घासत राहिला की चाकापाशी एवढी उष्णता सहज तयार होते. मग ऑइल उकळतं, पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल खाली जातं. गार झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पॅडल कडक लागतं. नवापूरच्या माणसाला काही सापडलं नाही यात नवल नव्हतं, तोवर पुरावाच विरघळला होता.

अकरा वेळा ऑइल टाकण्यात आणखी एक गोम होती. ब्रेकचे पॅड झिजत जातात तशी वरच्या डबीतली पातळी थोडी थोडी उतरते. म्हणजे उतरलेली पातळी ही 'पॅड बघा' अशी सूचना असते. आपण डबी भरून टाकली की सूचना बंद आणि झीज चालूच. पातळी वारंवार उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे हे उघड आहे.

आता न्यूट्रल. नानांना हे सांगणं ऑइल बदलण्यापेक्षा अवघड होतं. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पाय काढला तरी गिअरमधलं फिरतं इंजिन थोडं पेट्रोल ओढत राहायचं. पण २००८ची ८०० एमपीएफआय आहे. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर सोडला की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं, पेट्रोल शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे वाचवायला गेलो आणि उलट जास्त जाळलं, शिवाय इंजिनचा आवर सोडून सगळा भार ब्रेकवर टाकला. मी हे कागदावर आकृती काढून सांगितलं. नानांनी ऐकून घेतलं, कागदाची घडी केली आणि आत निघून गेले. दोन दिवस आमचं बोलणं जेवायला बसण्यापुरतं होतं. आई म्हणाली, "तू बरोबर असशील रे, पण सुनेसमोर कशाला?" ते माझं चुकलंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला नाना पार्किंगमध्ये होते. चाकाचे नट सैल केलेले आणि शेजारी दोन विटा. विटांवरून पुन्हा वाद झाला. जॅकवर उभ्या गाडीखाली हात-पाय घालायचे नाहीत आणि विटांवर तर अजिबात नाही, वीट एका क्षणात फुटते. मी त्याच दिवशी सुरतेहून लोखंडी स्टँडची जोडी आणली. घरी गाडीचं काम करायचं असेल तर पहिला खर्च हाच, पान्यांचा सेट नंतर.

एअर काढायचं काम दोन माणसांचं असतं. एक पॅडलवर, एक चाकाशी. नाना सीटवर बसले, मी खाली निपलला पारदर्शक नळी लावून बाटलीत सोडली. "दाबा... धरून ठेवा... आता सोडा." निपल बंद केल्याशिवाय पॅडल सोडायचं नाही, नाहीतर हवा परत आत जाते. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये दिला होता तोच ठेवला. पहिल्या चाकातून आलेलं ऑइल कोऱ्या चहासारखं होतं. नवं असतं फिकट पिवळं. मी बाटली वर धरून नानांना दाखवली. ते मिनिटभर बघत राहिले. "मिलमध्ये हायड्रॉलिक प्रेसचं ऑइल मी दर वर्षी बदलायचो," एवढंच म्हणाले.

डाव्या मागच्या चाकाचा ड्रम काढला तर आत ओल होती. व्हील सिलिंडर पाझरत होता. तिथे मी थांबलो. प्लग, फिल्टर, कूलंट, बल्ब ही कामं चुकली तर गाडी बंद पडते. ब्रेकचा सिलिंडर चुकीचा बसला तर गाडी बंद पडत नाही, तीच पंचाईत. तो चार रस्त्याजवळच्या ओळखीच्या मेकॅनिककडून बसवून घेतला, नवे पॅड आणि लायनर टाकले. नाना शेजारी उभे राहून प्रत्येक बोल्ट पाहत होते, मेकॅनिक बिचारा घामाघूम. जुनं ऑइलही त्याच्याच गॅरेजच्या पिंपात ओतलं. ते गटारात टाकायचं नसतं आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर मुळीच भरून ठेवायचं नसतं. घरात लहान मुलं असतात.

त्यानंतर मला या कामाची गोडीच लागली. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घातलं जायचं. आमच्याकडचं पाणी खारट, आत क्षार साचले होते. धुऊन कूलंट भरल्यावर उन्हाळ्यात काटा वर जाणं थांबलं. हेडलाइट मंद वाटायचे, नाना म्हणायचे जास्त वॉटचे बल्ब टाक. मीटर लावला तर इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट आणि बल्बपाशी जेमतेम १२. जुन्या वायरी आणि स्विच वाटेतच दोन व्होल्ट खात होते. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड तीसेक टक्के घटतो. जास्त वॉटचा बल्ब टाकला असता तर त्याच वायरी वितळल्या असत्या. मग बॅटरीवरून फ्यूजसकट जाड वायर आणि दोन रिले लावले, बल्ब मूळ ६०/५५ वॉटचेच ठेवले. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलल्या, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. अॅव्हरेज थोडा उतरला, त्याला इलाज नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते.

२०२३ला पंधरा वर्षं भरली. दिल्लीच्या बातम्या ऐकून शेजारी विचारायचे, भंगारात देणार का? पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची ती बंदी दिल्ली आणि आसपासच्या भागापुरती आहे. आपल्याकडे फिटनेस तपासणी करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून मिळते. फी पाच हजार, पूर्वी सहाशे होती. तपासणीच्या दिवशी नाना इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. गाडी पास झाली.

पण एक गोष्ट मी रिले लावून किंवा ऑइल बदलून सुधारू शकत नाही. या गाडीला एअरबॅग नाही, एबीएस नाही आणि पत्रा पातळ आहे. तिच्याच कुळातल्या, एअरबॅग नसलेल्या अल्टो ८००ला २०१४मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत शून्य तारे मिळाले होते. तिची ही थोरली बहीण वेगळी कशी असेल? म्हणून लेकीला घेऊन हायवेवर ही गाडी न्यायची नाही, असं मी ठरवलं. गावाला आम्ही उधन्याहून रेल्वेने जातो. हे सांगताना मात्र सुनेसमोर सांगितलं नाही. संध्याकाळी नानांबरोबर तापीच्या पुलाकडे फिरायला गेलो तेव्हा बोललो. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घाटात मागे कोण बसलंय हे मला आरशात दिसत होतं."

आता नाना गाडी कठोर, वेलंजा, भाजीबाजार एवढ्यातच फिरवतात. पुलाच्या उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये ठेवतात आणि माझ्याकडे बघतही नाहीत. वहीत दर दोन वर्षांनी 'बदलले' अशी नोंद आहे, अक्षर त्यांचंच. परवा म्हणाले, डावीकडून मागे काहीतरी कुरकुरतंय. मला काही ऐकू आलं नाही, पण तीस वर्षं मिलच्या मशिनी ऐकलेला कान आहे तो. या रविवारी ड्रम उघडायचाय. लेक आता सात वर्षांची झाली, टॉर्च ती धरणार आहे.